एकमेकांशी नातं असलेले शून्य-एक: कोरिलेटेड बायनरी डेटा स्वतः कसा बनवायचा

सिम्युलेशन शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात शून्य-एकचा डेटा बनवता येतो, आर (R) ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत आरबायनॉम (rbinom) लिहायचं किंवा पायथनमध्ये नमपायच्या (NumPy) जनरेटरला सांगायचं की इतके आकडे हवेत आणि एक येण्याची प्रोबॅबिलिटी इतकी, बस. पण त्यातला प्रत्येक आकडा सुटा असतो, शेजारच्याशी त्याचा काही संबंध नाही. खरा डेटा असा नसतो. एका गावातल्या एका मुलाला लस मिळाली असेल तर त्याच गावातल्या दुसऱ्या मुलालाही मिळालेली असण्याची शक्यता वाढते, एका डोळ्यात मोतीबिंदू असेल तर दुसऱ्यातही असण्याची वाढते, काल पाऊस पडला असेल तर आज पडण्याची वाढते. हे नातं आपल्या बनवलेल्या डेटात कसं आणायचं ते इथे पहिल्यापासून सांगतो. प्रोबॅबिलिटी म्हणजे काय आणि कोरिलेशन म्हणजे साधारण काय एवढं माहीत असलं तरी पुरे, बाकी सगळं कागदावर करून बघता येतं.

आणि कागदावर करूनच बघा, प्लीज. मी सुरुवातीला थेट कोडकडे पळालो होतो, नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेल्या, आकड्यांचे दोन कॉलम ०.५ कोरिलेशनचे बनवले, कापून शून्य-एक केले, आणि शेवटी कोरिलेशन आलं ०.२५ च्या आसपास. दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसलो. कोड बरोबरच होता, माझी समजूत चुकलेली होती. ते का होतं ते पुढे येईलच.

आधी चार घरांचं टेबल

दोनच कॉलम घेऊ. समजा एका सर्व्हेत दोन प्रश्न आहेत, घरात वॉशिंग मशीन आहे का आणि घरात दुचाकी आहे का. समजा मशीन असण्याची प्रोबॅबिलिटी ०.३, दुचाकी असण्याची ०.६, आणि दोन्हींमध्ये आपल्याला कोरिलेशन हवंय ०.२.

चारच शक्यता आहेत: दोन्ही आहेत, फक्त मशीन, फक्त दुचाकी, काहीच नाही. टेबलाच्या या चार घरांत, म्हणजे चौकोनांत, प्रोबॅबिलिटी भरायच्या आणि बेरीज १ यायला हवी. आता गंमत बघा, ०.३ आणि ०.६ हे ठरलेलेच आहेत त्यामुळे "दोन्ही आहेत" हे एकच घर भरलं की बाकीची तीन आपोआप भरतात. म्हणजे कोरिलेशन हा जो काही प्रकार आहे तो अख्खा त्या एका घरात बसलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की या विषयातली अर्धी भीती जाते.

त्या घराचा आकडा असा काढायचा. संबंध नसता तर तो नुसता गुणाकार असता, ०.३ × ०.६ = ०.१८. संबंध आहे म्हणून त्यात कोरिलेशन गुणिले दोन्हींचे स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) एवढी भर टाकायची. शून्य-एकच्या कॉलमचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे √(प × (१ − प)), प म्हणजे एक येण्याची प्रोबॅबिलिटी. मशीनचं √०.२१ = ०.४५८, दुचाकीचं √०.२४ = ०.४९०, दोघांचा गुणाकार ०.२२४५. त्याला ०.२ ने गुणलं की ०.०४४९. म्हणजे दोन्ही असण्याची प्रोबॅबिलिटी ०.१८ + ०.०४४९ = ०.२२४९.

बाकीची घरं वजाबाकीने: फक्त मशीन ०.३ − ०.२२४९ = ०.०७५१, फक्त दुचाकी ०.६ − ०.२२४९ = ०.३७५१, काहीच नाही ०.३२४९. चारही मिळवून बघा, बरोबर १ येतात.

आता डेटा बनवणं म्हणजे अगदी सोपं काम राहिलं. ० ते १ मधला एक रँडम नंबर काढा. तो ०.२२४९ पेक्षा कमी असेल तर दोन्ही कॉलममध्ये १. तिथून ०.३ पर्यंत असेल तर पहिल्यात १ दुसऱ्यात ०. तिथून ०.६७५१ पर्यंत असेल तर पहिल्यात ० दुसऱ्यात १. त्याच्या वर असेल तर दोन्हीकडे ०. हे दहा हजार वेळा केलं की झाला तुमचा डेटा, कुठलंही पॅकेज लागलं नाही.

हेच दुसऱ्या पद्धतीने पण करता येतं आणि पुढे त्याचा उपयोग होतो: आधी मशीनसाठी ०.३ चं नाणं टाका, मग १ आलं तर दुचाकीसाठी ०.२२४९ भागिले ०.३ म्हणजे जवळजवळ ०.७५ चं नाणं, ० आलं तर ०.३७५१ भागिले ०.७ म्हणजे ०.५३६ चं नाणं. उत्तर तेच, फक्त इथे एकामागून एक जातो आपण.

हवं ते कोरिलेशन मिळेलच असं नाही

हा मुद्दा नवीन माणसाला कोणी सांगत नाही असा माझा अनुभव आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. म्हणून जरा थांबून सांगतो.

कोरिलेशन −१ ते +१ च्या मध्ये कुठेही असू शकतं असं आपण शिकलेलो असतो. शून्य-एकच्या डेटात ते खरं नाही. वरच्या टेबलातल्या कुठल्याही घरात निगेटिव्ह आकडा येऊ शकत नाही ना, मग "दोन्ही आहेत" हे घर जास्तीत जास्त किती मोठं करता येईल? मशीन असलेली कुटुंबंच ०.३ आहेत, तर दोन्ही असलेली त्यापेक्षा जास्त कशी असतील. म्हणजे कमाल ०.३, आणि तिथे कोरिलेशन (०.३ − ०.१८) ÷ ०.२२४५ = ०.५३. ह्याच्या वर जाताच येत नाही, कुठलंही सॉफ्टवेअर वापरा. खालची बाजू बघितली तर ते घर अगदी ० केलं तरी कोरिलेशन −०.८० पर्यंतच जातं. ह्या मर्यादांना फ्रेशे आणि होफडिंग ह्या दोन गणितज्ञांची नावं जोडलेली आहेत, पण नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, टेबल लक्षात ठेवा.

आणि दोन प्रोबॅबिलिटी एकमेकांपासून जेवढ्या लांब तेवढी वरची मर्यादा आवळत जाते. एक ०.१ आणि दुसरी ०.८ घ्या. गुणाकार ०.०८, स्टँडर्ड डेव्हिएशनचा गुणाकार ०.३ × ०.४ = ०.१२, "दोन्ही" घर जास्तीत जास्त ०.१. म्हणजे कमाल कोरिलेशन ०.०२ ÷ ०.१२ = ०.१६७. बस एवढंच! अशा वेळी कोणी "मला ०.३ हवंय" म्हणून बसला तर तो अशक्य गोष्ट मागतोय, आणि काही प्रोग्रॅम एरर न देता भलतंच काहीतरी देऊन मोकळे होतात.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: प्रोबॅबिलिटी आणि कोरिलेशन ठरवलं की आधी चारही घरं भरून बघायची, एक जरी निगेटिव्ह आलं तर तिथेच थांबायचं आणि मागणी बदलायची.

जाता जाता एक, या अडचणीमुळेच बरेच लोक कोरिलेशनऐवजी ऑड्स रेशो ठरवतात, म्हणजे टेबलातल्या तिरप्या घरांच्या गुणाकारांचं गुणोत्तर. आपल्या उदाहरणात तो (०.२२४९ × ०.३२४९) ÷ (०.०७५१ × ०.३७५१), साधारण २.६ येतो. ऑड्स रेशो शून्यापासून वर कितीही असू शकतो, मार्जिनल प्रोबॅबिलिटी, म्हणजे प्रत्येक कॉलमची स्वतःची प्रोबॅबिलिटी, कुठल्याही असोत, त्याला वरची मर्यादा आडवी येत नाही. आरोग्याच्या डेटावर काम करत असाल तर हे जास्त सोयीचं पडतं.

गावं, घरं, शाळा: एका गटात सगळ्यांचं सारखंच नातं

आता दोनच कॉलम नाहीत, गट आहे. ह्यासाठी माझं आवडतं उदाहरण म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण कार्यक्रमातला तीस बाय सातचा सर्व्हे. ३० क्लस्टर निवडायचे, म्हणजे गावं किंवा वस्त्या, आणि प्रत्येकात ७ मुलं बघायची, एकूण २१०. हा आकडा कुठून आला ते बघण्यासारखं आहे. मुलं एकमेकांपासून सुटी असती तर ९५ टक्के खात्रीने अंदाज दहा टक्क्यांच्या आत बसवायला ९६ मुलं पुरली असती. पण एका गावातली मुलं सारखी असतात, नर्सबाई पोचली तर सगळ्यांकडे पोचते, नाही तर कोणाकडेच नाही, म्हणून आकडा दुप्पट धरला, १९२, आणि ३० ने भागून वर नेला की ७.

ते दुप्पट करणं म्हणजेच डिझाइन इफेक्ट २. त्याचं सूत्र १ + (गटातली मुलं − १) × रो, इथे रो म्हणजे एका गावातल्या कुठल्याही दोन मुलांमधलं कोरिलेशन. ७ मुलं आणि डिझाइन इफेक्ट २ तर रो = १/६, म्हणजे ०.१६७. चला तर, लस मिळण्याची प्रोबॅबिलिटी ०.७ धरून हाच सर्व्हे कॉम्प्युटरवर बनवू. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही शिकण्यासारखे आहेत.

पहिला रस्ता नक्कल करण्याचा, लन आणि डेव्हिस ह्यांनी १९९८ साली मांडलेला. प्रत्येक गावाचं एक नाणं असतं, ०.७ चं, ते एकदाच टाकायचं. मग गावातलं प्रत्येक मूल एक तर गावाच्या नाण्याची नक्कल करतं किंवा स्वतःचं ०.७ चं वेगळं नाणं टाकतं. नक्कल करण्याची प्रोबॅबिलिटी किती ठेवायची? इथे नवखा माणूस हमखास रो ठेवतो, आणि चुकतो. दोन मुलांमध्ये संबंध तेव्हाच येतो जेव्हा दोघंही नक्कल करतात, एकाने केली आणि दुसऱ्याने नाही तर काहीच संबंध नाही. दोघांनी करण्याची प्रोबॅबिलिटी रो हवी म्हणजे एकाची √रो हवी, √०.१६७ = ०.४०८. नुसता रो ठेवला असता तर कोरिलेशन त्याचा वर्ग, ०.०२८ एवढंच आलं असतं.

पायऱ्या सांगायच्या तर गाव घ्या, गावाचं नाणं टाका, सात मुलांसाठी सात वेळा ०.४०८ ची चिठ्ठी काढा, होय आलं तिथे गावाचं उत्तर लिहा, नाही आलं तिथे नवं नाणं. मग पुढचं गाव. कोडमध्ये चार-पाच ओळी होतात. मर्यादा एवढीच की अशाने कोरिलेशन पॉझिटिव्हच मिळतं.

दुसरा रस्ता बीटा-बायनॉमियल. इथे गावाला नाणं नसतं, गावाची स्वतःची प्रोबॅबिलिटी असते, काही गावात ०.९, काही गावात ०.४, आणि ती बीटा डिस्ट्रिब्युशनमधून काढायची, जे ० ते १ मधलेच आकडे देतं. बीटाला दोन आकडे लागतात, त्यांची बेरीज (१/रो) − १ ठेवायची. आपल्याकडे ६ − १ = ५. त्या पाचाची विभागणी ०.७ आणि ०.३ अशी, म्हणजे ३.५ आणि १.५. झालं, आरमधल्या आरबीटा (rbeta) फंक्शनला हे दोन आकडे द्या, ३० गावांच्या ३० प्रोबॅबिलिटी घ्या, आणि प्रत्येक गावात त्या प्रोबॅबिलिटीचं नाणं सात वेळा टाका. दोन ओळींचं काम, मला स्वतःला हाच रस्ता जास्त पटतो कारण "हे गाव चांगलं, ते गाव मागे" हे खऱ्या जगासारखं वाटतं.

आता नीट बघा. दोन्ही रस्त्यांनी सरासरी ०.७ येते आणि कोणत्याही दोन मुलांमधलं कोरिलेशन १/६ येतं. मग डेटा सारखाच का? नाही! सातही मुलांना लस मिळालेली असण्याची प्रोबॅबिलिटी काढून बघितली तर बीटाच्या रस्त्याने ०.२०५, नकलेच्या रस्त्याने ०.१७९, आणि सगळे सुटे असते तर ०.०८२. एकालाही लस न मिळण्याची अनुक्रमे ०.००९५, ०.००७१ आणि ०.०००२. म्हणजे ३० गावांपैकी पूर्ण लसीकरण झालेली गावं एकीकडे सरासरी सहाच्या थोडी वर, दुसरीकडे साडेपाचच्या आत, आणि सुट्या डेटात अडीचच.

ह्याचं कारण असं की सरासरी आणि जोड्यांची कोरिलेशनं एवढ्याने अख्खं चित्र ठरत नाही. दहा शून्य-एकचे कॉलम असतील तर शक्यता १०२४ होतात, म्हणजे १०२३ आकडे मोकळे, आणि आपण ठरवतो १० सरासऱ्या आणि ४५ कोरिलेशनं, एकूण ५५. उरलेलं सगळं आपण निवडलेली पद्धत गुपचूप ठरवून टाकते. दिल्लीत जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ रघु राज बहादूर ह्यांनी १९६१ मध्ये हे सगळं एका सूत्रात मांडून दाखवलं, जोड्यांचं कोरिलेशन, मग तिघांचं, मग चौघांचं, असं शेवटपर्यंत. म्हणून तुमचा प्रश्न जर "किती गावं पूर्ण सुटली" असा असेल तर कुठली पद्धत वापरली ते रिपोर्टमध्ये लिहाच, नुसतं "रो ०.१६७ ठेवला" लिहून भागत नाही.

सगळ्या कॉलमच्या प्रोबॅबिलिटी वेगळ्या आणि कोरिलेशनचं पूर्ण मॅट्रिक्स हवं असेल तर

मॅट्रिक्स म्हणजे सगळ्या जोड्यांच्या कोरिलेशनचं चौकोनी टेबल. हा खरा अवघड भाग, आणि इथेच मी अडकलो होतो.

कल्पना सुंदर आहे. प्रत्येक शून्य-एकच्या मागे एक न दिसणारा नॉर्मल आकडा आहे असं धरायचं, तो एका रेषेच्या खाली असला तर १, वर असला तर ०. नॉर्मल आकड्यांना एकमेकांशी कोरिलेट करणं सोपं असतं, म्हणून आधी ते करायचं आणि मग कापायचं. रेष कुठे मारायची ते प्रोबॅबिलिटीवरून ठरतं, आरमधल्या क्यूनॉर्म (qnorm) फंक्शनला विचारायचं: ०.३ साठी −०.५२४, ०.६ साठी +०.२५३.

पण कापताना माहिती जाते. रेषेच्या जरासं खाली असलेला आणि खूप खाली असलेला, दोघंही नुसते १ होतात. त्यामुळे शून्य-एकचं कोरिलेशन हे मागच्या नॉर्मलच्या कोरिलेशनपेक्षा लहान येतं. दोन्ही प्रोबॅबिलिटी ०.५ असतील तर ह्याचं नेमकं सूत्र आहे, शेपर्ड नावाच्या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेलं: दोन्ही १ येण्याची प्रोबॅबिलिटी = १/४ + (नॉर्मल कोरिलेशनचा आर्कसाइन) ÷ २π. नॉर्मल कोरिलेशन ०.५ टाका, आर्कसाइन π/६ येतो, प्रोबॅबिलिटी १/३, आणि शून्य-एकचं कोरिलेशन ०.३३३. उलट शून्य-एकमध्ये ०.५ हवं असेल तर मागे ०.७०७ ठेवावं लागतं. आणि प्रोबॅबिलिटी ०.१ सारख्या टोकाला असतील तर आणखी घसरण होते, मागे ०.५ ठेवलं तर पुढे साधारण ०.२५. माझे ते दोन दिवस ह्याच आकड्यात गेले.

उपाय एमरिच आणि पीडमाँट ह्यांनी १९९१ मध्ये दिला आणि आजही तो खूप वापरला जातो. उलट्या दिशेने जायचं. कॉलमच्या प्रत्येक जोडीसाठी आधी वरचं टेबल भरायचं आणि "दोन्ही" घराचा आकडा काढायचा, आपल्या उदाहरणात ०.२२४९. मग असं नॉर्मल कोरिलेशन शोधायचं की ज्याने त्या दोन रेषांच्या खाली दोघंही असण्याची प्रोबॅबिलिटी बरोबर ०.२२४९ येईल. कसं शोधायचं? नॉर्मल कोरिलेशन वाढवलं की ही प्रोबॅबिलिटी वाढतेच, कधी कमी होत नाही, त्यामुळे अर्धं-अर्धं करत जायचं. ० ठेवून बघा, कमी आलं, ०.५ ठेवा, जास्त आलं, ०.२५ ठेवा, कमी आलं, असं वीसेक वेळा. प्रोबॅबिलिटी काढायला आरमध्ये एमव्हीटीनॉर्म (mvtnorm) पॅकेजमधलं पीएमव्हीनॉर्म (pmvnorm) आहे, पायथनमध्ये सायपायच्या (SciPy) मल्टिव्हेरिएट नॉर्मलचं सीडीएफ, म्हणजे रेषांच्या खालची प्रोबॅबिलिटी देणारं फंक्शन. आपल्या उदाहरणाचं उत्तर येतं ०.३४ च्या जवळ, म्हणजे हवं होतं ०.२ आणि मागे ठेवावं लागलं ०.३४.

प्रत्येक जोडीचा असा आकडा काढून नवं मॅट्रिक्स तयार करा, मग त्याचं शोलेस्की फॅक्टर (मॅट्रिक्सचं एक प्रकारचं वर्गमूळच) काढा आणि सुट्या नॉर्मल आकड्यांना त्याने गुणा. शोलेस्की म्हणजे आंद्रे-लुई शोलेस्की, फ्रेंच सैन्यातले अधिकारी, १९१८ मध्ये युद्धात गेले, त्यांची ही रीत छापून आली १९२४ मध्ये. दोनच कॉलम असतील तर मॅट्रिक्सची गरजच नाही: पहिला नॉर्मल आकडा तसाच घ्या, दुसरा = ०.३४ × पहिला + ०.९४ × नवा सुटा आकडा. तो ०.९४ म्हणजे √(१ − ०.३४²). मग रेषेवर कापा, झालं.

आरमध्ये हे सगळं करून देणारं बिनडेटा (bindata) नावाचं पॅकेज आहे, त्यातलं आरएमव्हीबिन (rmvbin) हे फंक्शन. वापरताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: शून्य-एकचं कोरिलेशन द्यायची जागा आहे बिनकॉर (bincorr), आणि सिग्मा (sigma) नावाची जी दुसरी जागा आहे ती मागच्या नॉर्मलच्या मॅट्रिक्ससाठी आहे. नेहमीच्या सवयीने लोक सिग्मामध्ये टाकतात आणि मग कोरिलेशन कमी का आलं म्हणून विचारत बसतात.

जोड्या ठीक, पण तिघं मिळून अशक्य

आणखी एक सापळा. तीन कॉलम घ्या, तिन्हींची प्रोबॅबिलिटी ०.५, आणि प्रत्येक जोडीत कोरिलेशन −०.४ हवं. जोडीजोडीने तपासलं तर चारही घरं पॉझिटिव्ह येतात. मॅट्रिक्स तपासलं तर ते पण पॉझिटिव्ह डेफिनिट आहे, म्हणजे कोरिलेशनचं मॅट्रिक्स म्हणून त्यात काही खोट नाही. तरीही असा डेटा जगात असू शकत नाही.

का ते बघा, अगदी शाळेतलं गणित आहे. उत्तरं दोनच, ० किंवा १, आणि कॉलम तीन. म्हणजे प्रत्येक ओळीत किमान दोन कॉलम सारखे असणारच, तिघं वेगवेगळे असूच शकत नाहीत. म्हणून तिन्ही जोड्यांच्या "सारखं असण्याच्या" प्रोबॅबिलिटीची बेरीज किमान १ हवी. आता कोरिलेशन −०.४ असलं की सारखं असण्याची प्रोबॅबिलिटी (१ − ०.४) ÷ २ = ०.३, तिघांची बेरीज ०.९. जमलंच नाही. इथे −१/३ ही शेवटची हद्द आहे.

एमरिच-पीडमाँटच्या रस्त्यात ही गोष्ट अशी दिसते की शोधून काढलेलं नॉर्मल मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट राहत नाही आणि शोलेस्की एरर देतो. हा एरर कधी मागणीच अशक्य असल्यामुळे येतो, कधी मागणी शक्य असूनही फक्त ह्या पद्धतीने जमत नाही म्हणून. लोक अशा वेळी जवळचं चांगलं मॅट्रिक्स शोधून पुढे जातात, तसं करता येतं, पण मग डेटातलं कोरिलेशन तुम्ही मागितलेलं राहिलेलं नसतं, किती सरकलं ते मोजून लिहा. कॉलम खूप असतील तर काकिश ह्यांची २००३ मधली पद्धत बघा, त्यात सुरुवातीला सांगितलं तसं एकामागून एक जातात, पुढच्या कॉलमची प्रोबॅबिलिटी आधीच्या उत्तरांवरून साध्या रेषीय सूत्राने वरखाली करायची, ती ० ते १ च्या बाहेर गेली नाही म्हणजे काम झालं. खूप वेगाने चालते.

दिवसामागून दिवस

वेळेत मागेपुढे असलेला डेटा असेल तर सगळ्यात सोपं. पावसाचंच घ्या, हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरतं, म्हणजे रोज ० किंवा १. समजा पावसाच्या दिवसाची प्रोबॅबिलिटी ०.४ आणि लागोपाठच्या दोन दिवसांत कोरिलेशन ०.३. मग रोज ०.३ ची चिठ्ठी काढा, होय आली तर कालचंच आज लिहा, नाही आली तर नवं ०.४ चं नाणं. म्हणजे काल पाऊस असेल तर आज ०.५८, नसेल तर ०.२८. इथे √ घ्यायचं नाही, कारण आज थेट कालची नक्कल करतो, दोघं मिळून तिसऱ्याची नाही. दोन दिवसांच्या अंतराने कोरिलेशन ०.०९, तीन दिवसांनी ०.०२७, असं विरत जातं. तेल अवीवच्या पावसावर गॅब्रिएल आणि न्यूमन ह्यांनी १९६२ मध्ये जे मार्कोव्ह चेनचं (आजचं उत्तर फक्त कालच्यावर अवलंबून) काम केलं ते ह्याच जातीचं. पहिल्या दिवशी मात्र साधं ०.४ चं नाणं टाका, ० पासून सुरू केलंत तर सुरुवातीचे काही दिवस कोरडेपणाकडे झुकतात.

बनवला, आता तपासा

सीड, म्हणजे रँडम नंबर कुठून सुरू होणार ते ठरवणारा आकडा, सेट करा, नाही तर उद्या तुमचाच आकडा तुम्हाला परत मिळणार नाही. मग एकदा मोठा डेटा काढा, एक लाख ओळी, आणि कॉलमच्या सरासऱ्या आणि कोरिलेशन बघा. किती फरक चालेल त्याचा अंदाज ठेवा: ०.३ च्या कॉलममध्ये दहा हजार ओळींना सरासरी ०.००५ च्या आसपास इकडेतिकडे होते, कोरिलेशन ०.०१ च्या आसपास. एक लाखाला ते साधारण तिपटीने कमी. ह्यापेक्षा तीनचार पट जास्त फरक दिसला तर नशीब म्हणून सोडून देऊ नका, कुठेतरी चूक आहे.

गटाच्या डेटात आणखी एक तपासणी करा, ती मला सगळ्यात खात्रीची वाटते. तीस बाय सातचा सर्व्हे दहा हजार वेळा बनवा, प्रत्येक वेळी २१० मुलांतलं लसीकरणाचं प्रमाण काढा, आणि त्या दहा हजार प्रमाणांचं स्टँडर्ड डेव्हिएशन बघा. मुलं सुटी असती तर ते √(०.२१ ÷ २१०) = ०.०३१६ आलं असतं. डिझाइन इफेक्ट २ असल्यामुळे वर्ग दुप्पट होतो, म्हणून ०.०४४७ यायला हवं. म्हणजे ९५ टक्क्यांची पट्टी ६.२ टक्क्यांवरून ८.८ टक्क्यांवर जाते. तुमच्या कोडमधून ०.०३२ येत असेल तर बहुतेक गावाचं नाणं लूपच्या आत गेलंय आणि प्रत्येक मुलासाठी नव्याने पडतंय. ०.०३४ च्या आसपास येत असेल तर √ घ्यायचं राहिलंय. ती ओळ दुरुस्त करून तोच सीड ठेवून परत चालवा.